इंग्रजी पत्रात जबाबदारी नेमकी कशी सोपवावी
इंग्रजी कार्यालयीन पत्रात किंवा करारात काम सोपवताना आधी कर्ता ठरवावा. 'द रिपोर्ट शॅल बी सबमिटेड' असे लिहिल्यास अहवाल कोणी द्यायचा हेच कळत नाही, म्हणून 'द कॉन्ट्रॅक्टर शॅल सबमिट द रिपोर्ट' असे लिहावे. करारातील 'शॅल' बंधन घालते, 'मे' बहुधा केवळ मुभा देते. खरा घोटाळा होतो तो तीन शब्दांत: काम पार पाडणारा 'रिस्पॉन्सिबल फॉर', त्या कामाबद्दल वरिष्ठांना जाब देणारा 'अकाउंटेबल फॉर', आणि नुकसान झाल्यास कायद्याने भरपाई देणे लागणारा 'लायबल फॉर'. हा शेवटचा शब्द विचारपूर्वकच वापरावा, कारण त्यावरून पैशांचा दावा उभा राहू शकतो. ज्याला जाब द्यायचा त्याच्या नावाआधी मात्र 'टू' येतो. 'इट इज इन्कम्बन्ट अपॉन' (म्हणजे 'अमुकाचे हे कर्तव्य आहे') ही रचना शुद्ध असली, तरी मला ती रोजच्या पत्रव्यवहारासाठी विनाकारण जड वाटते.