कर्नाटकी कशिद्याला बसण्याआधी

काळ्या चंद्रकळेवर लाल-केशरी गोपुरं भरायची, पदराला हत्ती आणि पालखी काढायची, हे मनात धरूनच बहुतेक जणी कर्नाटकी कशिद्याकडे वळतात. मीही तशीच वळले. पण ती साडी अजून महिना-दोन महिने कपाटातच राहू द्या. धारवाड-हुबळीकडे ज्याला कसूती म्हणतात तो हा कशिदा इरकल लुगड्यांबरोबर आपल्याकडेही रुळला. तो मोजून भरायचा असतो. कापडावर छाप उमटवायचा नाही, कार्बन लावायचा नाही, कापडाचे धागे मोजत पुढे जायचं. त्यातले दोन टाके असे की उलट बाजूही सुलटीसारखीच दिसते. तयारी करताना हे एक डोक्यात ठेवलंत की काय घ्यायचं आणि काय दुकानातच ठेवायचं ते आपोआप कळतं.

पहिलं कापड. शिकायला मॅटीच घ्या, म्हणजे विणीतली चौकोनी घरं स्पष्ट दिसतात ते सुती कापड; फिक्या रंगाची, अर्धा मीटर पुरे. एका इंचात अकरा-बारा घरं असली तर डोळ्यांना ताण पडत नाही. घेण्याआधी दुकानातच पट्टी लावून लांबीच्या एका इंचातली घरं मोजा, मग रुंदीच्या. दोन्ही आकडे सारखे हवेत. नसले तर कागदावर चौरस असलेलं वृंदावन कापडावर बसकं होतं आणि मग कितीही सुबक भरलंत तरी ते सुधारत नाही. कापड घरी आणल्यावर धुऊन, वाळवून, इस्त्री करा. आटायचं ते आधीच आटू दे. कडा उसवू नयेत म्हणून चारही बाजूंना कच्ची टीप मारा.

सुई बोथट टोकाची, 24 नंबरची. हिला टॅपेस्ट्रीची सुई म्हणून मागा. टोकदार सुई कापडाचा धागा चिरत जाते आणि मोजणी बिघडते. बोथट सुई दोन धाग्यांच्या मधून सरळ वाट काढते. नेढं मोठं असल्यामुळे दोरा ओवायलाही सोपी. पुढे साडीवर जाल तेव्हा मात्र बारीक, 9 किंवा 10 नंबरची भरतकामाची सुई लागेल. सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे लक्षात असू द्या.

दोऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घोटाळा होतो तो इथेच. पूर्वी हे काम रेशमी धाग्यांनी व्हायचं. शिकताना सहा पदरी सुती दोरा घ्या. अँकर किंवा डीएमसी, दोन्हींची लडी 8 मीटरची असते. लडीवरचा कागद काढू नका. खालचं टोक धरून हळू ओढा आणि हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, कापून घ्या. लांब दोरा घेतला की तो विसतो, गुंततो. आता त्या तुकड्यातून एकच पदर चिमटीत धरून सरळ वर ओढा. बाकीचे पाच गोळा होऊन खाली बसतील. घाबरू नका, बोटं फिरवलीत की पुन्हा सरळ होतात. असे दोन पदर वेगवेगळे काढून एकत्र ओवा. दोन पदर जोडीनेच ओढले तर पीळ राहतो आणि टाका तिरका पडतो.

रंग तीनच घ्या: लाल, केशरी, हिरवा. एका नक्षीला लागतील तेवढ्या लड्या एकाच वेळी घ्या. माझ्या पहिल्या गोपुराला लाल कमी पडला म्हणून महिन्याने त्याच नंबरची लडी आणली. घरात सारखी दिसली, पण अंगणात नेल्यावर वरचे दोन मजले वेगळेच दिसले. ते अख्खे उसवले. भरण्याआधी लाल दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा, रंग सुटला तर तो दोरा वापरू नका.

कापड ताणून धरायला सहा इंची रिंग, लहान टोकदार कात्री आणि शाळेची आलेखाची वही. रिंगेच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, कापडावर वळ उठत नाहीत. रोज उठताना रिंग काढून ठेवायची. काळ्या कापडावर काम कराल तेव्हा मांडीवर पांढरा टॉवेल घ्या, भोकं स्पष्ट दिसतात.

वहीचं काम सर्वांत मोठं आहे. गवंती हा पहिला टाका म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली. परतताना रिकाम्या जागा भरत यायचं. म्हणून वाट आधी कागदावर ठरवावी लागते. वृंदावनाच्या पायथ्याने निघालात आणि मध्ये कोनाड्याची रेघ फुटली, तर आधी त्या रेघेवर वर जायचं, तिच्या मोकळ्या जागा भरत खाली यायचं, मगच पायथ्याची पुढची वाट धरायची. जातानाचे बाण पेन्सिलीने आणि परतीचे लाल पेनाने काढा. जिथे बाण अडकतो तिथे कापडावर दोरा अडकणारच, आणि मागून उडी मारावी लागली की उलट बाजू बिघडलीच.

गवंती हाताला बसली की मुरगी; टाका तोच, फक्त पायऱ्यांसारखा वळत जातो. मग नेगी, विणल्यासारखी दिसणारी, लहानमोठ्या धावदोऱ्यांची. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यांसारखी फुली, ती शेवटी, कारण तिला दोरा जास्त लागतो आणि ती मागून सारखी दिसत नाही. हा क्रम मोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फुली सोपी वाटते म्हणून तिच्यापासून सुरुवात केलेल्या कितीतरी जणी गवंतीपर्यंत पोचल्याच नाहीत.

सगळं जमलं की उजेड बघा. सकाळचा, उजव्या हाताने भरत असाल तर डाव्या खांद्यावरून येणारा. कापडाची चौघडी करून मधोमध एक रंगीत टाका घालून ठेवा. दोऱ्याला गाठ मारायची नाही. मधल्या घरातून सुई वर काढा, दोन इंच दोरा मागे मोकळा सोडा आणि परतीच्या वाटेवर तोच टाक्यांखाली गुंफून घ्या.