सरांच्या स्मरणार्थ क्वार्टेट लिहायचं असेल तर

शिक्षक गेल्यावर त्यांच्यासाठी क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांची रचना, लिहायला बसलं की हात आपोआप उदास वाटणाऱ्या मायनर स्केलकडे, संथ लयीकडे, चेलोच्या (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य) लांबलचक सुरांकडे वळतो. असं संगीत कुणाच्याही शोकसभेत चालून जातं, म्हणूनच ते तुमच्या शिक्षकांचं होत नाही. माझ्या मते अशा रचनेचं साहित्य शिकवणीतून उचलावं. पुण्याला हे नवीन नाही. सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि 1953 पासून भीमसेन जोशींनी त्यांच्या नावाने महोत्सव सुरू केला. गुरूकडून आलेलं गाणं गाऊन दाखवणं हीच तिथली श्रद्धांजली होती.

म्हणून आधी स्वरांना हात लावू नका, एक वही करा. सर किती मोठे होते वगैरे त्यात नको. तासाला ते नेमकं काय करायचे, तेवढंच लिहा. माझे सर कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत शिकवायचे आणि मी सदाशिव पेठेतून सायकलने जायचे. ते फक्त ए ची तार लावून द्यायचे. उरलेल्या तीन तारा मी गज हळू ओढत, पंचम जुळेपर्यंत स्वतः लावायच्या. स्केलसाठी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, 60 वर, मिनिटाला साठ ठोके. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माझा स्वर चुकला तरी ते थांबवायचे नाहीत. स्वतःच्या व्हायोलावर (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) त्या चुकीच्या स्वराला शोभेल असा स्वर खाली धरायचे आणि तिथून मला सावकाश बरोबर जागी घेऊन यायचे.

हे शेवटचं लिहून काढलं तेव्हा मला माझी रचना सापडली. तुमच्या वहीतही अशी एखादी गोष्ट असेल, जी शब्दांत सांगण्यापेक्षा वाजवून दाखवणं सोपं आहे. तीच घ्या.

मग वाद्यं ठरवा. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो हा नेहमीचा संच घ्यायलाच हवा असं नाही. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या स्मरणार्थ आरेन्स्की या दुसऱ्या रशियन संगीतकाराने 1894 मध्ये जो क्वार्टेट लिहिला, त्यात एक व्हायोलिन, एक व्हायोला आणि दोन चेलो आहेत. त्यामुळे सगळा रंगच गडद होतो. मधल्या भागातल्या व्हेरिएशन्सची धून त्याने चायकोव्हस्कीच्याच मुलांसाठीच्या एका गाण्यातून घेतली. खुद्द चायकोव्हस्कीला पियानो, व्हायोलिन आणि चेलो एकत्र ऐकवत नसत, तसं त्याने 1880 मध्ये पत्रात कळवलंही होतं. पण ज्या निकोलाय रुबिनस्टाइनने त्याला मॉस्कोत शिकवायला नेलं, तो पियानिस्ट होता. तो 1881 मध्ये गेला आणि चायकोव्हस्कीने त्याच्यासाठी त्याच तीन वाद्यांचा ट्रिओ लिहिला. माझे सर व्हायोला वाजवायचे, म्हणून मी एक व्हायोलिन, दोन व्हायोला आणि एक चेलो घेतला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. पुण्यात व्हायोला वाजवणारे सहज मिळत नाहीत, तेव्हा लिहिण्याआधी माणसं विचारून ठेवा. व्हायोलाची सगळ्यात खालची तार सी, व्हायोलिनची जी. दुसऱ्या व्हायोलाचा भाग त्या जी च्या खाली नेला नाही, तर ऐनवेळी तो व्हायोलिनवरही वाजवता येतो.

नावातून स्वर काढायचे असतील तर तेही जमतं. फ्रेंच संगीतकार रॅव्हेलने 1922 मध्ये आपले शिक्षक गाब्रिएल फोरे यांच्या नावाच्या अक्षरांवरून व्हायोलिन-पियानोसाठी एक अंगाईगीत रचलं. आपल्याकडे सरगम हाताशीच आहे: मनीषा म्हटलं की म, नी, सा मिळतात. फक्त नावाची धून कानाला गोड लागली तरच ठेवा.

आता मुख्य काम. माझा क्वार्टेट तारा लावण्याच्या पंचमांनी उघडतो, पण मोकळ्या तारांचं हे प्रकरण आठ बारांपेक्षा (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) लांबवू नका, ऐकणाऱ्याला वाटतं वादक अजून तयारीच करताहेत. पुढे व्हायोलिन 60 च्या लयीत डी मेजरचं स्केल चढतं आणि एफ शार्पऐवजी चुकून अर्धा स्वर खालचा साधा एफ लावतं. खाली चेलोवर आणि दुसऱ्या व्हायोलावर डी आहेच. पहिला व्हायोला बी फ्लॅट धरतो, की चुकलेला एफ एकदम बी फ्लॅट मेजरच्या कॉर्डचा (बी फ्लॅट, डी, एफ एकत्र) हक्काचा स्वर होतो. मग बी फ्लॅट अर्धा स्वर उतरून ए वर येतो, एफ अर्धा स्वर चढून एफ शार्प होतो, डी जागचा हलत नाही आणि आपण डी मेजरमध्ये घरी पोहोचतो. सरांचं सगळं शिकवणं मला या एका वळणात ऐकू येतं. हे वळण वेगवेगळ्या स्वरांवर पुन्हा पुन्हा आणा, दर वेळी चूक थोडी अवघड करत. शेवटाकडे व्हायोला गप्प करून पोकळी दाखवायचा मोह होईल, तो टाळा. मी तिथे चेलोला चुकायला लावलं आणि त्याला सांभाळायचं काम व्हायोलिनकडे दिलं.

लांबी आठ-दहा मिनिटं पुरे.

तालमी शक्यतो पावसाळ्यात ठेवू नका. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, आणि गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव चालू असतो. नोव्हेंबरनंतर बरं. पंखा लावणार असाल तर स्टँडवरच्या कागदांना कपड्यांचे चिमटे लावा.

पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वादकाचे वेगळे कागद, छापण्याआधी बोटांचे आकडे तुमच्या शिक्षकांच्या सवयीप्रमाणे घाला. सर डी च्या तारेवर तिसऱ्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात तारेवर वर सरकवून, लवकर जायला लावायचे, माझ्या पार्टमध्येही तसंच आहे. पहिल्या तालमीला त्यांचे जुने विद्यार्थी बोलवा आणि त्यांना आधी काहीही सांगू नका. लय त्यांना जलद वाटली तर त्यांचं ऐका, कारण तो मेट्रोनोम त्यांनीही वर्षानुवर्षं ऐकलेला असतो.