व्हर्च्युअल मशीनआधी कोअर मोजा

विंडोज सर्व्हर स्टँडर्ड या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं लायसन्स नेहमीच्या पद्धतीत खालच्या खऱ्या यंत्राच्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांवर) मोजतात: प्रोसेसरमागे किमान ८, सर्व्हरमागे किमान १६. सगळ्या कोअरचं घेतलं की २ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालतात. तिसरं हवं असेल तर तेवढ्याच कोअरचे पैसे पुन्हा मोजा. खरी गोची क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांची जागा घेणाऱ्या दोन सर्व्हरच्या जोडीत, होते. एक होस्ट (मशीन चालवणारा खरा सर्व्हर) बंद पडला की सगळी मशीन दुसऱ्यावर जातात, म्हणून दोन्ही होस्टना सगळ्या मशीनपुरतं लायसन्स लागतं. मशीन बरीच असतील तर इथेच डेटासेंटर आवृत्ती परवडू लागते; तिच्यात मशीनच्या संख्येची मर्यादा नाही. आणि हो, हायपरव्हायझरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणजे अख्ख्या वाड्याची किल्ली. हायपरव्हायझरचं मॅनेजमेंट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, बॅकअपचं खातं त्याच्याच डोमेनमध्ये (खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) ठेवू नका.