गावाचा स्वतःचा रेडिओ काढायचाय? सुरुवात मोबाइलपासून करा

भाऊ, पहिल्याच दिवशी टॉवर, मशीन, लायसन्स असला विचार करत बसू नका. मोबाइल घ्या, अहिराणी मोकळं बोलणारी एखादी आजी गाठा आणि रेकॉर्डिंगला बसा. पंखा बंद करायचा, दारंखिडक्यांवर गोधड्या टांगायच्या, फोन तोंडापासून वीतभर लांब, बस. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) आणि 32 केबीपीएस (सेकंदाला किती डेटा साठवायचा तो आकडा) निवडून दहा मिनिटांचा आवाज सेव्ह केला ना की फाइल अडीच एमबीच्या आत बसते, तिकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंजची एकच काडी असली तरी ती हळूहळू जाते, व्हिडिओ मात्र फिरतच बसतो. ज्याच्याकडे नेट नाही त्याला ब्लूटूथने द्या, नाहीतर पेनड्राइव्ह लावून पारावरच्या स्पीकरवर वाजवा.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. रावेर-यावलकडे केळीवर करपा आला तर काय करायचं, कापसाचा आजचा भाव, 'लाइट कव्हय येई'. सातपुड्यात असाल तर तिथल्या आदिवासींच्या पावरी बोलीत बोला, तिथे मराठीसुद्धा म्हाताऱ्यांना परकी वाटते आणि हे आपण लक्षातच घेत नाही.

आता नेट. भारतनेट या सरकारी योजनेचं काम 2011 पासून चालू आहे, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायचं म्हणून, पण डबा भिंतीवर लागला म्हणजे नेट आलं असं नाही. ग्रामसभेत उभं राहून तीन गोष्टी विचारा: कनेक्शन चालू आहे का, बिल कोण भरतंय, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का. उत्तरं ठरावात लिहून घ्या, तोंडी उत्तराला काही अर्थ नसतो.

पंचायतीचं होईपर्यंत किराणा दुकानातून पीएम-वाणीचं, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेचं, वायफाय देता येतं. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने याला मंजुरी दिली, दुकानदाराला लायसन्स नाही, फी नाही, फक्त एखाद्या अ‍ॅग्रिगेटरशी, म्हणजे अशा दुकानांना एकत्र जोडणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यायचं. आमच्याकडे एका दुकानदाराला कंपनीच्या माणसाने महागडी लीज लाइनच (कंपन्यांसाठीची वेगळी इंटरनेट लाइन) घ्यावी लागेल म्हणून घाबरवलं होतं, बिचाऱ्याने नादच सोडला, मला आजही वाईट वाटतं त्याचं. 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाने, सांगितलंय की 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त दर अशा दुकानदाराला लावता येत नाही. हे पाठ करून ठेवा.

मग खरा एफएम, म्हणजे कम्युनिटी रेडिओ. एकट्या माणसाला परवानगी मिळत नाही, संस्था लागते आणि तिची नोंदणी तीन वर्षं जुनी लागते, म्हणून संस्था नसेल तर आजच नोंदवायला टाका, ही तीन वर्षं तुमचं रेकॉर्डिंग चालूच राहील. कृषी विज्ञान केंद्र किंवा कॉलेजलाही केंद्र काढता येतं, त्यांना सोबत घेतलं तर सोपं जातं. अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. ताकद 100 वॅट, मास्ट (अँटेनाचा खांब) जास्तीत जास्त 30 मीटर, म्हणजे साधारण दहा-बारा किलोमीटरमधली गावं येतात.

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. मला हे पटत नाही, पण नियम आहे. पाणी, वीज, हवामान, परीक्षा, रोगराईच्या सूचना बातमीत धरत नाहीत, तेवढ्यावरही सकाळचा अर्धा तास भरतो. आणि 2024 च्या नियमानुसार सल्लागार व कंटेंट समितीत निम्म्या बाया लागतात. नावं नुसती कागदावर टाकू नका, बचत गटाच्या बैठकीत जाऊन विचारा, आणि मीटिंग निंदणीहून त्या परत आल्यावरच ठेवा.