जुन्या मोटारीचे इंजिन: आधी मोजावे, मग सामान आणावे

गाडी निळा धूर सोडू लागली, दर आठवड्याला ऑइल घालण्याची वेळ आली आणि चोर्ला घाटात दुसऱ्या गियरमध्येही तिला दम लागू लागला, की मालकाला तीन सल्ले हमखास मिळतात. गाडी विकून टाका, जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवा, किंवा आहे तेच बांधून घ्या. खर्च बेताचा ठेवायचा असेल तर बहुतेक वेळा तिसरा सल्ला किफायतशीर ठरतो, मात्र त्यासाठी कामाचा क्रम चुकता कामा नये. आपल्याकडे सर्रास उलटेच घडते: मालक आधी दुकानात जाऊन पिस्टन, रिंग आणि बेअरिंगचा संच घेतो, मग इंजिन खोलतो आणि शेवटी लेथवाल्याकडे जाऊन मापे विचारतो. तोवर आणलेले सामान चुकीच्या मापाचे निघते, आणि एकदा उघडलेले खोके दुकानदार परत घेत नाही.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीपर्यंत तयार होत होती, त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आजही बेळगावात काय, निपाणी-चिकोडीकडेही सहज मिळतात. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे; बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७२ मिमी. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, बिडाचा आणि त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे. गाडी दुसरी असली तरी पुढील रीत फारशी बदलत नाही. मापे मात्र त्या त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावीत.

इंजिन उतरवण्याआधी दुखणे नेमके कोठे आहे ते ओळखावे, कारण निम्मा खर्च येथेच वाचू शकतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. तो दोष कार्बोरेटरचा किंवा एअर फिल्टरचा असतो आणि त्यासाठी इंजिन खोलणे हा वेडेपणा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. बेळगावच्या थंड सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ दोन-चार मिनिटांत थांबत असेल तर तिच्याकडे लक्ष देऊ नये. पण ती थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणीही उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराचा, संशय घ्यावा.

त्यानंतर सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावावा. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, तिन्ही स्पार्क प्लग काढलेले असावेत, इग्निशन कॉइलची तार सोडवलेली असावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत लिहावा. नंतर ज्या सिलिंडरचा आकडा कमी आहे त्यात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वर चढला तर रिंग आणि बोअर झिजले आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट जळालेली असण्याची शक्यता मोठी. दोष व्हॉल्व्हचा ठरला तर फक्त हेड उतरवून, व्हॉल्व्ह ग्राइंड करून आणि व्हॉल्व्ह सील बदलून काम भागते. मग खालच्या अर्ध्या इंजिनाला हात लावू नये, मिस्त्री कितीही म्हणाला तरी.

आता दुसऱ्या इंजिनाचा मोह. कोल्हापूरकडून किंवा हुबळीकडून खोललेले इंजिन आणणे सोपे वाटते, परंतु इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यास १४ दिवसांच्या आत आपल्या भागातील नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर त्या वित्तसंस्थेची लेखी संमतीही लागते. केए २२ क्रमांकाच्या गाडीत एमएच ०९ क्रमांकाच्या गाडीचे इंजिन बसवायला बंदी नाही, पण ते इंजिन कोणाचे, कोणत्या गाडीतून निघाले आणि कोणी विकले याचे बिल व जुन्या आरसीची प्रत हातात नसेल तर कार्यालयात, विम्याच्या दाव्यात आणि पुढे गाडी विकतानाही अडचण येते. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर स्वस्तात मिळाले तरी ते इंजिन घेऊ नये. आपलाच ब्लॉक बोअर करून पुन्हा वापरला की हा सगळा खटाटोप टळतो, आणि बांधून घेण्याच्या बाजूने माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

तरीही ब्लॉकला तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉड मोडून तो फुटला असेल तर दुसरे इंजिन घेण्याशिवाय इलाज नाही. अशा वेळी ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत दह्यासारखा पांढरट थर आहे का ते पाहावे, पुलीला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण फिरवून पाहावे आणि शक्य असल्यास तेथेच कॉम्प्रेशन मोजावे. ओम्नीचे इंजिनही ७९६ सीसीचेच म्हणून काही जण ते ८०० साठी उचलतात. पण ओम्नी मागच्या चाकांवर चालते आणि तिचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, तर ८०० चे आडवे. त्यामुळे संप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे), माउंटिंग अशा किती वस्तू अदलाबदल कराव्या लागतील याचा हिशेब आधीच करावा.

इंजिन उतरवताना सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि पेट्रोलची नळी बंद करावी. चेन ब्लॉक कौलारू घराच्या वाशाला कधीही टांगू नये. लोखंडी तुळई किंवा भाड्याची घोडी घ्यावी. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. प्रत्येक तारेचा आणि नळीचा मोबाइलवर फोटो काढावा. नटबोल्ट ठेवायला मी कुंद्याची, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईची, रिकामी खोकी वापरतो. खोक्यावर कोठले बोल्ट ते लिहितो, आणि हेडचे बोल्ट पुठ्ठ्याला भोके पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवतो. कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या कॅप यांची जोडी मोडता कामा नये. काढण्यापूर्वी सेंटर पंचने दोन्ही अंगांना पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन ठिपके ठोकावेत. मेन बेअरिंगच्या कॅपचाही क्रम आणि दिशा तीच राखावी.

यानंतर मोजमाप. बोअरच्या वरच्या कडेजवळ नख फिरवून पाहिले असता ते कडेला अडकले तर झीज आहेच. पण किती, हे बोअर गेजनेच कळते. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, तसेच लांबीच्या व रुंदीच्या दिशेने, असा सहा ठिकाणी मोजावा. झीज साधारण ०.१० मिमीच्या पुढे गेली असेल तर नुसत्या नव्या रिंग घालणे म्हणजे पैसे पाण्यात. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिमीच्या पायरीने मिळतात, म्हणजे ६८.५ चा बोअर ६८.७५ किंवा ६९.०० वर जातो. झीज पहिल्या पायरीत साफ निघत असेल तर दुसरीवर उडी मारू नये, कारण पुढच्या वेळेसाठी तेवढे बीड शिल्लक राहते. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, ओरखडे नसतील आणि माप जागेवर असेल तर तो ग्राइंड करू नये. केवळ नवी स्टँडर्ड बेअरिंग घालावीत. ग्राइंड केलाच तर अंडरसाइज बेअरिंगचे माप लेथवाल्याकडून लिहून घ्यावे.

या बाबतीत बेळगावकर भाग्यवान आहेत. उद्यमबाग परिसरात फाउंड्री आणि मशीनिंगचा व्यवसाय मुरलेला आहे, मायक्रोमीटर हातात घेऊन मोठी झालेली माणसे तेथे गल्लोगल्ली भेटतात. फक्त एक लक्षात ठेवावे: कंपन्यांसाठी हजारोंनी नवे भाग करणारा कारखाना तुमचा एकच ब्लॉक घेणार नाही. मोटारींचे बोअरिंग, होनिंग (बोअरला दगडाने शेवटचा हात फिरवणे), क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणे) जॉबवर्कवर करणारा माणूस शोधावा, आणि त्याची पारख एका प्रश्नावर करावी. ‘पिस्टन आणलेत का?’ असे जो स्वतः विचारतो आणि प्रत्यक्ष पिस्टन मोजल्याशिवाय शेवटचा हात फिरवायला नकार देतो, तो खरा कारागीर. अर्थात पिस्टन आणायचे ते मोजमाप होऊन कोणती पायरी लागणार हे ठरल्यावरच. हेड सपाट आहे की नाही ते सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) लावून पाहावे, ०.०५ मिमीहून अधिक फट दिसली तर फेसिंग करावे. इंजिन एकदा तापून बंद पडले असेल तर फेसिंगपूर्वी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्यावी, नाहीतर तडा गेलेल्या हेडवर मजुरी वाया जाते.

आता ज्या टप्प्याला पैसा जवळजवळ लागत नाही आणि ज्यात मी स्वतः तोंडघशी पडलो, तो: धुलाई. माझ्या पहिल्या इंजिनाचा ब्लॉक मी जुलैच्या पावसात संध्याकाळी होनिंग करून घरी आणला, फडक्याने पुसला आणि पत्र्याच्या शेडमध्ये उघडा ठेवला. सकाळी तिन्ही बोअर चहाच्या रंगाचे झाले होते. बारीक पॉलिश पेपरने तो गंज काढला आणि इंजिन बांधले. चारशे किलोमीटरवर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे टोक, ठोकू लागले. बेअरिंग काढून उन्हात धरले तर त्याच्या मऊ थरात राखाडी कण रुतून बसलेले होते. होनिंगच्या दगडाची आणि माझ्याच पॉलिश पेपरची ती पूड होती.

म्हणून ब्लॉक घरी आला की आधी ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढावेत आणि लांब दांड्याच्या ब्रशने गॅलऱ्या डिझेलने घासाव्यात. बोअरमधली होनिंगची पूड डिझेलने किंवा रॉकेलने निघत नाही. ती गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश यांनीच सुटते. मग हवेच्या दाबाने प्रत्येक भोक कोरडे करावे आणि ऑइलमध्ये बुडवलेला जुन्या धोतराचा पांढरा तुकडा बोअरमध्ये फिरवावा. पहिला तुकडा राखाडी निघेल, दुसराही निघेल. तुकडा जसा गेला तसाच पांढरा बाहेर येईपर्यंत थांबू नये, आणि तो आल्यावर लगेच ऑइलचा हात फिरवून ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. आमच्या पावसाळ्यात उघड्या बिडावर एका रात्रीत गंज चढतो.

जोडणी करताना घाई नको. प्रत्येक रिंग एकेक करून तिच्याच बोअरमध्ये घालावी, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करावी आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजावी. बोअरच्या दर २५ मिमीला सुमारे ०.१ मिमी, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे येथे ती पाव मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. फट फारच कमी असेल तर रिंग तापल्यावर टोके भिडून मोडते, म्हणून ती बारीक कानशीने घासून वाढवावी. रिंगवरील अक्षरे वरच्या बाजूला, पिस्टनवरील बाण पुलीकडे आणि रिंगांची तोंडे एकमेकांपासून दूर ठेवावीत. बेअरिंगची फट पाहायला प्लॅस्टिगेजचा धागा (आवळल्यावर तो किती चपटा झाला त्यावरून फट कळते) स्वस्त आणि विश्वासू असतो. टॉर्क रेंच विकत घेणे परवडत नसेल तर मागून आणावा, पण हेड आणि बेअरिंगचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळावेत. ऑइल सील, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे प्लग यांत काटकसर करू नये; ते बदलायला नंतर पुन्हा सगळे उतरवावे लागते.

रेडिएटर साफ करून घ्यावा आणि बोअरवेलच्या जड पाण्याऐवजी कूलंट भरावा, कारण त्या पाण्याचे क्षार आत साचतात. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणारच नाही,’ असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. आपल्या थंड, पावसाळी हवेत थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि नव्या रिंग लवकर झिजतात.

सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, कॉइलची तार सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. सुरू झाल्यावर गाडी तासभर जागीच चालू ठेवण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. गळती आणि तापमान पाहून गाडी लगेच रस्त्यावर काढावी. खानापूरचा रस्ता यासाठी चांगला; चोर्ला आणि वंटमुरी घाट पहिले हजार किलोमीटर टाळावेत. वेग साठच्या आत पण सतत बदलता ठेवावा आणि वरच्या गियरमध्ये इंजिन रेटू नये. सुरुवातीला साधे मिनरल ऑइल वापरावे आणि ५०० किलोमीटरवर ते फिल्टरसह बदलावे. हजारावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पुन्हा सेट करावेत.

काढलेला जुना फिल्टर फेकण्यापूर्वी त्याचा पत्रा कापून आतला कागद उन्हात उलगडून पाहावा. बारीक राखाडी पूड दिसली तर ती रिंगांची आहे, काळजी नको. तांब्यासारखी चमक दिसली तर गाडी तेथेच उभी करावी आणि संप उघडावा.