देव पहिला, मग बाकीचं कसं बसवायचं?
बायबलमधल्या मत्तय ६:३३ मध्ये येशू सांगतो की आधी देवाचं राज्य शोधा, पण ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत ते करायचं कसं? पहिलं म्हणजे मागच्या आठवड्याचा स्क्रीन टाइम आणि यूपीआयचे खर्च बघा, खरी प्रायॉरिटी तिथेच दिसते. मग सकाळी फोन उघडायच्या आधी प्रार्थना, रविवारची उपासना फिक्स आणि बाकी प्लॅन त्यानंतर. आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, चर्चच्या कामात बिझी आहे म्हणून आईबाबांना टाळू नका, बायबलमध्येच मार्कच्या ७व्या अध्यायात देवाला अर्पण केलंय असं सांगून आईवडलांची मदत थांबवणाऱ्यांना येशूने स्पष्ट सुनावलंय. नोकरी घरच्यांनंतर, त्यामुळे ओव्हरटाइमला हो म्हणायच्या आधी घरी विचारा.