खोबरेलानं अडलेली बारा बोअर

गाव गुहागरजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची आमची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) डबल बॅरल बंदूक थंडीत दगा द्यायची. भल्या पहाटे डुकरं वालात शिरली की चाप ओढावा, तर नुसता ‘टक’. काडतुसाच्या बुडाला टोपी असते, तिच्यावर आघात झाला की बार पेटतो; तिथे नुसता पुसट ठसा. (अशा वेळी अर्धा मिनिट नळी मोकळ्या दिशेला धरून मगच बंदूक उघडायची. बार उशिरानं निघू शकतो.)

कारण निघालं खोबरेल! घरात बंदुकीला पूर्वापार तेच तेल. 24 अंशांच्या आसपास ते थिजतं, जुनं झालं की चिकटतं, आणि टोपीवर आपटणाऱ्या फायरिंग पिनचा जोर तिथेच मरतो. परवानाधारक कारागिराकडून आतले भाग उघडून रॉकेलनं धुतले, कोरडे केले, बंदुकीचं पातळ तेल थेंबभरच लावलं. पुन्हा ठसा खोल उमटू लागला.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवत नाही. म्यान दमट हवा धरून ठेवतं, खारा वारा उरलेलं काम करतो. कपाटात ओलावा शोषायला सिलिका जेल आणि नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात झिरपत नाही. दस्त्याला जवसाचं तेल. काडतुसं मात्र प्लॅस्टिकचीच. कागदी फुगून नळीत अडकतात.